नवें बियाणें आणि घरांतील पिढ्या

विदर्भाच्या कापूसपट्ट्यांत मृग नक्षत्र जवळ आलें कीं घरोघरच्या ओसरीवर एक वाद हमखास निघतो. यंदा कोणतें बीं पेरावयाचें? अशा वादांत भाग घेणारीं माणसें बहुधा एका पिढीचीं नसतात. उदाहरणादाखल असें एक घर डोळ्यांपुढें आणावें. आजोबांचा जन्म १९४५ च्या सुमाराचा. त्यांनीं आज ऐंशी पावसाळे पाहिले आहेत. त्यांचा मुलगा पन्नाशी ओलांडलेला, घरचा कर्ता. नातू पंचविशींतला, शेतीच करणारा. नात त्याहून थोडी वडील, पुण्यास संगणकाच्या कंपनींत नोकरीला. आजोबांचें म्हणणें असें कीं, पाकिटांतल्या बियाण्यानें शेत परस्वाधीन केलें. मुलगा म्हणतो कीं, बीटी आलें नसतें तर कापूस केव्हांच सोडावा लागला असता. नातवाला तणनाशक सोसणारें, सरकारनें मान्य न केलेलें, बाजारांत 'चोरबीटी' ह्या नांवानें ओळखलें जाणारें बीं हवें आहे. आणि सुटीला आलेली नात परतवेळीं परसांतलीं गावरान वांगीं, तीळ, जवस पिशवींत भरतां भरतां सांगते कीं, जनुकें बदललेलें कांहीं तिला ताटांत नको.

ह्या चार मतांची वयाप्रमाणें वांटणी करूं गेल्यास ती जमत नाहीं. म्हाताऱ्यास नवें नको आणि तरुणास जुनें नको, असा एक सोपा समज आहे. त्या समजाप्रमाणें नातीनें भावाची बाजू घ्यावयास हवी. ती बसली आहे आजोबांच्या शेजारीं. शिवाय ज्या आजोबांना आज पाकिटांतल्या बियाण्याचा तिटकारा आहे, त्यांनींच वयाच्या विसाव्या वर्षीं, बापाचा शब्द मोडून, संकरित ज्वारी शेतांत आणली होती. तेव्हां वय, पिढी आणि नव्या विद्येविषयींचें मत ह्यांचा संबंध दिसतो तितका सरळ नाहीं. तो पाहावयाचा तर महाराष्ट्राचें शेत हें फार सोयीचें ठिकाण आहे. कारण गेल्या साठ वर्षांत येथें बियाण्यानें दोनदां रूप पालटलें, तिसऱ्यांदां तें पालटूं पाहत आहे, आणि दर खेपेस घरांतलीं माणसें निराळ्या रीतीनें विभागलीं गेलीं.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. सजीवांच्या अंगच्या शक्तीचा उपयोग करून माणसाला हवी ती वस्तु घडविणें, हें जैवतंत्रज्ञानाचें स्थूल रूप होय. त्या अर्थानें दुधाला विरजण लावणारी गृहिणीहि ह्याच विद्येंतली. परंतु आज हा शब्द उच्चारतांच जें मनांत येतें तें १९७३ नंतरचें आहे. त्या वर्षीं कोहेन आणि बॉयर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं एका सजीवाचें जनुक काढून तें जंतूच्या पेशींत घालण्याची व तेथें तें वाढविण्याची रीति सिद्ध केली. जनुक म्हणजे सजीवाच्या घडणीचा लेखी हुकूम; योग्य मोहोर असली कीं हुकूम कोणाच्या घरचा आहे हें पेशी विचारीत बसत नाहीं, ती तो पाळते. संकरित ज्वारी ह्या अर्थानें जैवतंत्रज्ञानाची नव्हे. तींत परक्या सजीवाचें जनुक नसतें. एकाच जातींतल्या दोन वाणांचें तें लग्न असतें. पण लोकांच्या मनांत अशा भिंती नसतात. पाकिटांतून येणारें, सरकारी माणसानें शिफारस केलेलें, खत मागणारें जें जें बीं तें सारें 'हायब्रीड'. आणि पुढें आलेल्या प्रत्येक बियाण्याकडे लोकांनीं त्या पहिल्या अनुभवाच्या आठवणीनेंच पाहिलें. म्हणून आरंभ तेथूनच करावा लागतो.

सीएसएच-१ नांवाची पहिली संकरित ज्वारी १९६४ सालीं देशांत प्रसृत झाली. तो काळ कसा होता हें आज सांगावें लागतें. १९६५ आणि १९६६ ह्या लागोपाठच्या दोन वर्षीं पाऊस फसला. अमेरिकेहून आलेल्या धान्यावर शहरें जगत होतीं. शिधावाटपाच्या दुकानांत 'मिलो' नांवाची तांबडी ज्वारी मिळे. तिची भाकरी ज्यांनीं खाल्ली आहे ते तिचें नांव काढलें तरी आज तोंड वाईट करितात. १९६३ पासून अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्रिपदीं असलेल्या वसंतराव नाईकांनीं संकरित बियाण्याचा पुरस्कार राज्यभर हिरिरीनें केला. खेड्यांतला विशीचा मुलगा ही हांक ऐकत होता आणि घरांतली रिकामी कणगीहि पाहत होता. त्यानें पाकीट आणलें.

त्याच्या बापाचे आक्षेप मात्र पुरातनप्रिय माणसाची कुरकुर म्हणून सोडून देण्याजोगे नव्हते. जुनी खरिपाची ज्वारी पुरुषभर उंचीच्या वर जाई, नवी ठेंगणी. दाणा वाढला, पण कडबा घटला, आणि बैलांनीं काय खावें ह्याचें उत्तर कोणत्याहि सरकारी पत्रकांत नव्हतें. जुनी ज्वारी पावसाळा सरल्यावर पिके. नवी लवकर येई आणि परतीच्या पावसांत सांपडली कीं कणसावर बुरशी धरून दाणा काळा पडे. भाकरी थापतांना पीठ धड चिकटत नाहीं, निवली कीं भाकरी वातड होते, ही बायकांची तक्रार. आणि सर्वांत मोठा आक्षेप असा कीं, हें बीं ठेवतां येत नाहीं. संकरित बियाण्यांत दोन निरनिराळ्या वाणांचे गुण एकवटलेले असतात. त्या पिकाचा दाणा पुन्हां पेरला तर ते गुण वाटेल तसे विखुरतात. एक ताट उंच, एक ठेंगणें, एक लवकर तर एक उशिरा. म्हणून दर वर्षीं पाकीट विकत घेणें आलें. ज्या शेतकऱ्यानें निवडक कणसें राखेंत घोळून उतरंडींत जपून ठेवावीं, आणि ज्याच्या बापजाद्यांनीं तेंच केलें, त्याला ही गोष्ट केवळ खर्चाची वाटली नाहीं. त्याच्या कारभारीपणाचाच एक अंश हातचा जात होता.

बाप आणि मुलगा दोघेहि बरोबर होते, असें आतां मागें वळून म्हणावेंसें वाटतें. दाणा वाढला, पोटें भरलीं. आणि १९७२ च्या दुष्काळाचा तडाखा कसा होता हें ज्यांनीं पाहिलें त्यांना अधिक पिकाची किंमत कोणी समजावून द्यावी लागली नाहीं. उलट रब्बीच्या हंगामांत, जेथें ज्वारी घरच्या भाकरीसाठीं पेरली जाते, तेथें जुनी मालदांडी आजतागायत टिकून आहे. संकरित वाणांना तिची जागा घेतां आली नाहीं. म्हणजे लोकांनीं नव्याचा सरसकट स्वीकारहि केला नाहीं आणि सरसकट धिक्कारहि केला नाहीं. विकावयाचें निराळें, खावयाचें निराळें, अशी त्यांनीं आपल्यापुरती वाट काढली. मराठी भाषेनें मात्र बापाची बाजू घेतली. पुढच्या काळांत पोरगें अंगानें वाढलेलें पण दमानें कच्चें दिसलें कीं वडीलधारे 'हायब्रीड पिढी' म्हणून त्याची संभावना करूं लागले. ज्या अन्नानें भूक भागविली त्याच्याच नांवाची शिवी व्हावी, असे प्रकार भाषेच्या इतिहासांत फार नसतील.

आतां मुलाची पाळी. त्याचा जन्म १९७२ च्या आगेंमागेंचा. तो नांगराला हात लावूं लागला तेव्हां दर वर्षीं बियाण्याचें पाकीट आणणें ही घरची रीतच होती. कापसांतहि १९७० सालीं सुरतेच्या संशोधनकेंद्रांत डॉ. सी. टी. पटेल ह्यांनीं एच-४ हा संकरित वाण सिद्ध केला होता, आणि तसे वाण विदर्भांत रुळले होते. बापानें झगडून जें आणलें तें मुलाला उपजतच जुनें होतें. त्याच्या तारुण्यांतलें संकट निराळें होतें. तें म्हणजे बोंडअळी. १९९० नंतरच्या दहा वर्षांत हिरवी बोंडअळी फवारण्यांना दाद देईनाशी झाली. औषध उधारीवर आणावयाचें, पाठीवर पंप घेऊन फवारावयाचें, चार दिवसांनीं बोंड फोडून पाहावें तों आंत अळी आहेच.

अशा वेळीं, २६ मार्च २००२ रोजीं, केंद्र सरकारच्या समितीनें बीटी कापसाला मान्यता दिली. तें बियाणें जालन्याच्या महिको कंपनीनें मोन्सँटो ह्या अमेरिकन कंपनीच्या सहकार्यानें आणलें. मातींत बॅसिलस थुरिंजिएन्सिस नांवाचा एक जंतु असतो. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें म्हणजे बीटी. ह्या जंतूचें एक जनुक कपाशींत घातलें म्हणजे झाड स्वतःच एक विशिष्ट प्रथिन तयार करतें. अळीनें पान कुरतडलें कीं तें प्रथिन तिच्या पोटांत जातें, तेथल्या अल्क द्रवांत विरघळतें, आंतड्याच्या अस्तराला चिकटून त्याला भोकें पाडतें, आणि अळी मरते. माणसाच्या जठरांत द्रव आम्ल असतो आणि त्या प्रथिनाला चिकटण्याजोगी जागा आंतड्यांत नसते. ४५० ग्रॅमचें पाकीट पहिल्यानें सुमारें १६०० रुपयांना पडे. तरीहि पुढील बारा वर्षांत देशांतील कापसाच्या क्षेत्रापैकीं शेंकडा नव्वदाहून अधिक क्षेत्र ह्या बियाण्याखालीं आलें. सभांमधून कोणी कांहींहि बोलो, शेतकऱ्यानें आपलें मत दुकानांत रोख दिलें.

ह्या यशाला पुढें ग्रहण लागलें. गुलाबी बोंडअळी बीटीला सरावली, आणि २०१७ सालीं महाराष्ट्रांत तिनें कापसाची फार मोठी हानि केली. त्याच वर्षीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणी टळेल म्हणून जें बियाणें आलें त्याच्या शेतांत माणसें फवारणीनें मेलीं. आजोबांच्या "मीं सांगत होतों" ह्या तीन शब्दांना त्या वर्षापासून घरांत वजन आलें. मुलाचें मत डळमळलें, तरी तें उलटलें नाहीं. कारण १९९८ सालच्या पंपाचा वळ त्याच्या पाठीवर अद्याप आहे.

नातवानें तें युद्ध पाहिलेलें नाहीं. त्याच्यासमोरचा शत्रु अळीपेक्षां तण हा आहे. निंदणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीं, मिळाला तर मजुरी परवडत नाहीं. ग्लायफोसेट हें तणनाशक फवारलें असतां तण मरावें आणि कपाशी उभी राहावी, असें जनुक असलेलें बियाणें चोरवाटेनें मिळतें. त्याच्या लागवडीला मान्यता नसल्यानें शेतकरी संघटनेनें १० जून २०१९ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अकोली जहांगीर येथें तें उघडपणें पेरून कायदेभंग केला. तेव्हांच्या पर्यावरणसंरक्षणाच्या कायद्यांत अशा कृत्याला पांच वर्षांपर्यंत कैदेची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद होती. नातवाच्या बापाला भीति वाटते ती तुरुंगाची तितकी नव्हे. विनापावतीचें बीं उगवलें नाहीं तर तक्रार कोठें करावयाची, ही त्याची भीति. एका हंगामाचें कर्ज एका पाकिटावर टांगलेलें असतें. आणि मुलाच्या हट्टापायीं तें पाकीट घ्यावें कीं न घ्यावें, हा प्रश्न त्याला दर ज्येष्ठांत झोंप येऊं देत नाहीं.

येथपर्यंत आल्यावर वय, पिढी आणि काळ ह्या तीन गोष्टी निरनिराळ्या करून पाहतां येतात. वय रोज वाढतें. पन्नाशीचा माणूस जबाबदारीमुळें सावध होतो. तो सावधपणा उद्यां आजच्या तरुणालाहि येणार. हा वयाचा परिणाम. पिढी मात्र बदलत नाहीं. १९४५ सालीं जन्मलेला माणूस ऐंशीचा झाला तरी मिलोची भाकरी खाल्लेलाच राहतो. हा पिढीचा परिणाम. आणि तिसरा काळाचा. एखादी घटना अशी घडते कीं म्हातारे आणि तरुण दोघांचेंहि मत एकदमच हालतें. युरोपांत १९९६ सालीं वेडसर गाईंच्या रोगाचा माणसाशीं संबंध असल्याचें जाहीर झालें, त्याच सुमारास जनुक बदललेलें अमेरिकन सोयाबीन तेथील बंदरांत उतरूं लागलें, आणि पुढच्याच वर्षीं डॉली मेंढीची बातमी आली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत अशा अन्नाविषयींचें लोकमत देशोदेशीं घसरलें. एकाच वर्षीं शंभर म्हाताऱ्यांना आणि शंभर तरुणांना विचारून जो फरक दिसतो, तो ह्या तिहींपैकीं कशाचा हें त्या एका पाहणीवरून कळत नाहीं. तोच प्रश्न वर्षानुवर्षें विचारीत राहिलें तरच तें उमगतें. युरोपीय राष्ट्रांनीं १९९१ पासून तसे प्रश्न पुनःपुन्हां विचारले ते ह्याच कारणानें.

नातीची गोष्ट ह्या दृष्टीनें मोठी मनोरंजक आहे, आणि ती एकटी नाहीं. अमेरिकेंत प्यू नांवाच्या संस्थेनें २०१६ सालीं घेतलेल्या पाहणींत, जनुक बदललेलें अन्न प्रकृतीला इतर अन्नाहून वाईट असें मानणारे लोक अठरा ते एकोणतीस वयाच्या तरुणांत शेंकडा ४८ होते, तर पासष्ट वर्षें व त्यावरील वृद्धांत शेंकडा २९. म्हणजे अन्नाच्या बाबतींत तरुणच अधिक साशंक निघाले. ह्याचें कारण एकच सांगतां येणार नाहीं. परंतु ज्यांना धान्य मिळेल कीं नाहीं ही चिंता कधीं शिवली नाहीं, त्यांना तें कसें पिकलें हा प्रश्न पडावा, हें स्वाभाविक आहे. पुण्याच्या बाजारांत नातीपुढें दहा प्रकारच्या भाज्या मांडलेल्या असतात. तिला नकार देण्याची सोय आहे. तिच्या पणजोबांचा नकार कडब्यासाठीं होता, तिचा प्रकृतीसाठीं. शब्द एकच असले तरी पोटांतलीं कारणें अगदीं भिन्न आहेत. एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानांत नसते. कापूस खावयाचा नाहीं म्हणून बीटी कापूस चालतो, असें ती म्हणते. पण सरकीचें तेल फरसाणांत जातें आणि सरकीची पेंड म्हशीच्या पुढ्यांत पडते.

आजोबांच्या मतांतहि अशीच एक फट आहे. ते मधुमेही आहेत, आणि रोज सकाळीं न चुकतां इन्सुलिनची सुई टोंचून घेतात. हें औषध पूर्वीं डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. जंतूंत मानवी जनुक घालून केलेलें इन्सुलिन १९८२ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि आतां जगभर प्रामुख्यानें तेंच वापरलें जातें. वांग्यांत जंतूचें जनुक नको म्हणणारे आजोबा जंतूनें माणसाच्या जनुकाबरहुकूम केलेला रस अंगांत घेतात. करोनाच्या सांथींतहि हेंच घडलें. १ मार्च २०२१ पासून साठ वर्षांवरील लोकांना लस खुली झाली तेव्हां ते तालुक्याच्या गांवीं सकाळपासून रांगेंत बसले. पुण्यांत तयार झालेली ती कोविशील्ड लस म्हणजे, चिंपांझीच्या एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूंत करोनाच्या विषाणूचें जनुक बसवून केलेली. हें त्यांना कोणी सांगितलें असतें तरी ते रांगेंतून उठले नसते. मरण दाराशीं दिसत असलें म्हणजे माणूस औषधाचें गोत्र विचारीत नाहीं. पाश्चात्य देशांतल्या पाहण्यांतूनहि हेंच पुढें येतें कीं, तीच विद्या औषधांत असली तर लोक ती स्वीकारतात आणि ताटांत आली तर बिचकतात. वृद्धांना औषधाची गरज अधिक, म्हणून ह्या बाबतींत ते तरुणांच्याहि पुढें असल्यास नवल नाहीं. हा खरा वयाचा परिणाम.

शरीराच्या बाहेर गर्भधारणा करून जन्मास आलेल्या बालकांची कथा काळाच्या परिणामाचें उदाहरण म्हणून थोडक्यांत सांगण्याजोगी आहे. जगांतलें पहिलें असें मूल २५ जुलै १९७८ रोजीं इंग्लंडांत जन्मलें. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांच्या प्रयत्नांनीं दुसरें जन्मलें. पण त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाहीं, चौकशी-समितीनें त्यांचा दावा खोटा ठरविला, आणि १९८१ सालीं त्यांनीं जीव दिला. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. इंदिरा हिंदुजा ह्यांच्या देखरेखीखालीं असें बालक जन्मलें तेव्हां मात्र देशभर कौतुक झालें. तरीहि निसर्गाच्या विरुद्ध जाणारी गोष्ट म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ होते. त्या वेळीं नाक मुरडणाऱ्या विशींतल्या सुना आज साठीच्या सासवा आहेत, आणि मुलाला मूल नाहीं म्हटल्यावर जिल्ह्याच्या गांवीं 'टेस्ट ट्यूब बेबी'ची पाटी शोधीत त्याच सुनेला घेऊन जातात. त्यांचें वय वाढलें म्हणून मत बदललें असें नव्हे. गोष्ट जुनी झाली, आणि गरज घरांत आली. २०२१ च्या कायद्यानें तर ह्या उपचारासाठीं स्त्रीला पन्नास आणि पुरुषाला पंचावन्न वर्षांची मर्यादाच घातली आहे.

पिढीवरून मत ओळखूं पाहणाऱ्यानें शेवटीं बीटी वांग्याचा वाद आठवावा. १४ ऑक्टोबर २००९ रोजीं समितीनें त्या वांग्याला हिरवा कंदील दाखविला. तेव्हांचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश ह्यांनीं नागपुरासह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजीं त्याला स्थगिती दिली. बांगलादेशानें मात्र २०१३ सालीं तेंच वांगें मान्य करून पुढच्या वर्षीं शेतांत लावलें. ह्या वादांत जे वृद्ध पुढें होते त्यांतले तीन पाहावे. डॉ. पुष्प भार्गव, जन्म १९२८, हैदराबादच्या पेशी व रेणु जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक, ह्या विद्येचे देशांतले आद्य पुरस्कर्ते. ते अशा पिकांचे कडवे टीकाकार झाले. डॉ. एम. एस. स्वामिनाथन, जन्म १९२५, हरितक्रांतीचे धुरीण. त्यांनीं सावधगिरीचा सल्ला दिला. शरद जोशी, जन्म १९३५, शेतकरी संघटनेचे संस्थापक; त्यांनीं शेतकऱ्याला हवें तें बियाणें निवडण्याचें स्वातंत्र्य असलेंच पाहिजे, अशी बाजू धरिली. तिघांनींहि एकच टंचाईचा काळ पाहिला होता. पिढी माणसाच्या हातीं प्रश्न देते, उत्तर तिच्याकडून येतेंच असें नाहीं.

आतां नवें पाकीट येऊं घातलें आहे. ४ मे २०२५ रोजीं केंद्र सरकारनें जनुक-संपादनानें सिद्ध केलेल्या भाताच्या दोन वाणांची घोषणा केली. त्यांतला 'कमला' हैदराबादच्या भातसंशोधन संस्थेचा, सांबा महसुरी ह्या लोकप्रिय भातापासून काढलेला. दुसरा दिल्लीच्या कृषिसंशोधन संस्थेचा. ह्यांत परक्या सजीवाचें जनुक ठेवलेलें नाहीं. भाताच्या स्वतःच्याच जनुकांत अचूक जागीं लहानसा बदल केलेला आहे. लेखी हुकुमांतलें एखादें अक्षर खोडावें तसा. 'कमला' वीसएक दिवस लवकर पिकतो आणि अधिक दाणा देतो, असें संस्थेचें म्हणणें आहे. ही बातमी त्या ओसरीवर पोंचली तेव्हां नातीनें विचारलें कीं, पाकिटावर तसें लिहिलेलें असेल का. नातवानें विचारलें, तणाचें काय. मुलानें भाव विचारला. आजोबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनीं तोच प्रश्न विचारला जो त्यांच्या बापानें साठ वर्षांपूर्वीं त्यांना विचारला होता आणि ज्याला त्या वेळीं त्यांच्यापाशीं उत्तर नव्हतें: ह्याचें बीं घरीं ठेवतां येतें का?

ह्या वेळचें उत्तर होकारार्थी आहे. हे वाण संकरित नाहींत, सरळ आहेत. त्यांचा दाणा पुन्हां पेरला तर त्याच गुणांचें पीक येतें. मात्र ज्या साधनानें हें संपादन केलें त्याचे स्वामित्वहक्क परदेशीयांकडे आहेत, आणि त्यांचा उलगडा झाल्याखेरीज बीं शेतकऱ्याच्या हातीं यावयाचें नाहीं.